सातबाऱ्यावरचा कोरा रकाना

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वरच्या बाजूला एक छोटा रकाना असतो. गाव, तालुका, भूमापन क्रमांक व उपविभाग, भूधारणा पद्धती यांच्या शेजारी तो बसतो आणि त्यावर छापलेले असते ‘शेताचे स्थानिक नाव’. पिंपरी-चिंचवडच्या रहाटणीत, थेरगावात, वाकडला गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमिनीचे इतके व्यवहार झाले, की सातबारा हाताळला नाही असे जुने घर इथे सापडणे कठीण. क्षेत्र पाहिले गेले, आकार पाहिला गेला, इतर हक्कांत बोजा आहे का, कुळाचे नाव आहे का, हे वकिलांनी भिंग लावून पाहिले. त्या रकान्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. बहुतेक उताऱ्यांवर तो कोराच असतो, आणि तो कोरा आहे म्हणून कुठलेही खरेदीखत अडत नाही. माझे म्हणणे असे, की हा रकाना भरला पाहिजे, आत्ता हयात असलेल्या माणसांना विचारून भरला पाहिजे, आणि शेताची बिगरशेती झाली, सातबारा बंद झाला, तरी त्यातले नाव पुढच्या कागदावर गेले पाहिजे.

गावांची नावे चिवट असतात. त्यांची फारशी काळजी नको. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९० चा, म्हणजे इ. स. ७६८ चा ताम्रपट तळेगावला सापडला. पुण्याचा मुलूख त्यात ‘पूनक विषय’ म्हणून येतो. दान दिलेल्या भूमीच्या सीमा सांगताना शेजारच्या गावांची नावे येतात, त्यांत थिउरग्राम आहे, अलंदियग्राम आहे, दाडिमग्राम आहे. आजचे थेऊर, म्हातोबाची आळंदी आणि डाळिंब. साडेबाराशे वर्षांत किती राजवटी आल्या आणि गेल्या, भाषा प्राकृताकडून मराठीकडे आली, लिपीची वळणे बदलली, पण थेऊरला जाणारा माणूस आजही थेऊरलाच जातो. एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. ही नावे तांब्यावर कोरली गेली ती कोणा अभ्यासकाच्या हौसेने नव्हे. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, तिची हद्द पक्की करायची होती, म्हणून. जमिनीच्या व्यवहाराने नावे टिकवली. आमच्या काळात जमिनीचे व्यवहार राष्ट्रकूटांच्या कल्पनेपलीकडचे झाले आणि नावे त्याच व्यवहारांत गळाली.

या पट्ट्यातली गावांची नावे नुसती वाचत गेले तरी दोन थर दिसतात. खालचा थर झाडांचा. पिंपरी आणि तिन्ही पिंपळे पिंपळाची, चिंचवड चिंचेचे आणि वडाचे, निगडी निरगुडीची. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सावरदरी आहे, म्हाळुंगे आहे. झाड पाहून गाव ओळखायचे ही सर्वांत सोपी रीत. पण पिंपळ काय एकाच गावात असतो? त्यामुळे पिंपऱ्या उदंड झाल्या, आणि महसुलाच्या कारकुनाला एकीची दुसरीपासून फोड करावी लागली. मग वरचा थर चढला. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख. पिंपरी वाघेरे. तळेगाव दाभाड्यांचे एक, ढमढेऱ्यांचे दुसरे. म्हाळुंगे इंगळे चाकणकडचे, म्हाळुंगे पाडाळे बाणेरकडचे. इंद्रायणीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक, पलीकडे चऱ्होली खुर्द. बुद्रुक हे फारसी बुजुर्गचे मराठी रूप आणि खुर्दही फारसीच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दफ्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी गावांमागचे बुद्रुक-खुर्द तसेच राहिले. ते दफ्तरातून उठून लोकांच्या तोंडात बसले होते, आणि तोंडातला शब्द फर्मानाने निघत नाही. सौदागर कोण होता, त्याला हे पिंपळे कोणी दिले, हे विचारण्याजोगे आहे. पण प्रश्न विचारता येतो तोच मुळी नाव टिकले म्हणून.

गावाच्या नावाखाली मात्र नावांचे आणखी एक जग असते, आणि कोणत्याही फलकावर ते येत नाही. ब्रिटिश मोजणी येण्यापूर्वी देशावरच्या गावांत जमीन ‘थळां’मध्ये विभागलेली असे. प्रत्येक थळाला नाव, आणि ते बहुधा ती जमीन पहिल्यांदा लागवडीला आणणाऱ्या घराण्याचे. थळांची यादी म्हणजे थळझाडा. घराणे संपले तर जमीन गतकूळ होई, दुसरा कोणी ती कसू लागे, पण थळाला जुन्याच घराण्याचे नाव राही. १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणाऱ्या विल्यम साइक्स या अधिकाऱ्याला ही व्यवस्था इतकी महत्त्वाची वाटली, की त्याने तिच्यावर सविस्तर लिहून ठेवले. गावात आज एकही माणूस ज्या आडनावाचा नाही, ते आडनाव शेताच्या नावात जिवंत! दुष्काळाने, साथीने, स्वाऱ्यांनी कोण उठले आणि त्यांच्या जागी कोण आले, याचा याहून प्रामाणिक कागद दुसरा नसेल.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणी आली. १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून तिची पद्धत बसत गेली आणि पुढे मुंबई इलाखाभर पसरली. शंकुसाखळी फिरली, बांध ठरले, दगड रोवले आणि प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला. या मोजणीने शेतकऱ्याचे भलेही झाले. किती क्षेत्रावर किती आकार द्यायचा हे नक्की झाले, मनमानीला चाप बसला. नंबर हा महसुलासाठी पुरेसा होता. पण कसणाऱ्याला नंबर पुरत नव्हता. भल्या पहाटे औत कुठे न्यायचे हे गड्याला सांगताना कोणी सर्व्हे नंबर सांगत नसे. त्यामुळे पुढली सव्वाशे-दीडशे वर्षे दोन नोंदवह्या शेजारी शेजारी चालल्या. एक चावडीत, आकड्यांची. दुसरी लोकांच्या तोंडी, नावांची. दुसरी लिहावी असे कोणालाच वाटले नाही, कारण ती हरवेल अशी शंकाच येण्याचे कारण नव्हते. शेत होते तोवर नाव होते.

शेत गेले आणि हिशेब बदलला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका, आणि तेव्हाच रहाटणी शहरात आली. १९९७ मध्ये आणखी गावे घेतली गेली, २००९ मध्ये ताथवडे. प्रत्येक टप्प्यावर जमिनीला नवी ओळख मिळाली आणि ती बहुतेक वेळा आकड्याची किंवा अक्षराची. प्राधिकरणात सेक्टर २५, २६, २७ आणि मग २७ अ. भोसरीच्या एमआयडीसीत जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक. चाकणला फेज एक, फेज दोन. सावरदरीच्या दरीत उभा असलेला ट्रकवाला आपण ‘फेज टू’ला आहोत असे सांगतो. जिथे नगर भूमापन झाले तिथे सातबारा बंद होतो आणि मिळकत पत्रिका उघडते. मिळकत पत्रिकेत नगर भूमापन क्रमांक आहे, शीट आहे, चौरस मीटर आहेत, धारणाधिकार आहे. शेताच्या स्थानिक नावासाठी जागा नाही. म्हणजे जो रकाना सातबाऱ्यावर निदान कोरा का होईना, होता, तो पुढच्या कागदावर काढूनच टाकला. जमिनीच्या तुकड्यांना आता राष्ट्रीय पातळीवरचे भू-आधार क्रमांक मिळत आहेत. सगळ्या देशात एकमेव असा आकडा! त्याचे फायदे मला मान्य आहेत, बनावट कागदांना त्याने आळा बसेल. पण ज्या यंत्रणेत एवढा लांब आकडा मावतो, तिथे दोन शब्दांचे नाव मावणार नाही असे कोणी सांगू नये.

नावात काय असते, असे विचारणाऱ्याने पवनेकाठच्या कोणत्याही गावातल्या जुन्या माणसाजवळ तासभर बसावे. काळी कुठे आणि पांढरी कुठे, म्हणजे पीक येणारी माती कुठे आणि वस्तीच्या राखेने-शेणाने पांढरी झालेली माती कुठे, इथून सुरुवात होते. लवण म्हणजे पाणी साचणारी खोलगट जमीन. मळई नदीने गाळ टाकून केलेली. सुपीक, पण नदीने दिलेली आणि नदी केव्हाही परत मागेल अशी. बरड म्हणजे हलकी, चोपण म्हणजे पाणी न मुरणारी. डोह, ओघळ, उतार, आड. ज्याला या शब्दांचा अर्थ कळतो त्याला शेताचे नाव ऐकताच तिथली माती आणि तिथले पाणी कळते. आज त्याच जमिनींवर बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत. जलसंपदा खात्याने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आहेत. त्या कुठून जातात यावर वाद होतात, हरकती येतात, आणि पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरते. पूररेषा गणिताने काढतात आणि ती गणितानेच काढली पाहिजे. पण ज्या तुकड्याला शंभर वर्षे लोक लवण म्हणत आले, ज्या कडेला ओघळ म्हणत आले, तिथे बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी अभियंत्याने एकदा पावसात जाऊन उभे राहावे, एवढी सूचना ते नाव नक्की देते. ओढे बुजवले जातात तेव्हा सर्वांत आधी त्यांचे नाव जाते. निनावी ओढ्याला नाला म्हणतात, नाल्याला गटार म्हणतात, आणि गटार बंदिस्त करायला कोणाची हरकत नसते.

खुद्द ‘रहाटणी’ या नावाचे काय? इथेच नावांच्या अभ्यासातला सगळ्यात मोठा मोह उभा राहतो. नाव ऐकताच रहाट आठवतो, पाणी वर काढणारे चाक. नदीकाठचे गाव, तेव्हा अर्थ लागलाच म्हणून माणूस उठून जातो. पण थोडे थांबावे. देशावर विहिरीचे पाणी प्रामुख्याने मोटेने काढले जाई. रहाट कोकणात, सुपारी-नारळाच्या बागांत अधिक. यावर कोणी असेही म्हणेल, आणि ते म्हणणे वाजवी आहे, की जे सगळीकडे नसते त्याचेच नाव पडते. मोटा गावोगाव होत्या म्हणून रहाटाचे गाव वेगळे उठून दिसले. शिवाय जुन्या मराठीत ‘राहाटणे’ हे क्रियापद आहे, वागणे, वावरणे, नांदणे या अर्थाचे. जगरहाटीत ते अजून टिकून आहे. आणि तळकोकणात देवराईला देवरहाटी म्हणतात, म्हणजे देवाची राखलेली झाडी हाही एक धागा निघतो. तीन अर्थ, तिन्ही मराठीला धरून. यांतला कोणता खरा हे नुसत्या कानावर ठरत नाही. त्याला नावाची जुनी रूपे लागतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद, चिंचवडच्या देवस्थानाच्या सनदा आणि हिशेब, जुने ताळेबंद, यांत हे गाव कोणत्या शतकात कसे लिहिले आहे, पहिल्या अक्षराला काना आहे की नाही, शेवटी ‘णी’ आहे की ‘ण’, याच्यावर निकाल लागेल. चिंचवडच्या देव घराण्याच्या कागदांवर लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने १९८९ मध्ये इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला; त्यावरून या परिसराचा कागद किती दाट आहे याची कल्पना यावी.

व्युत्पत्तीची घाई हा मराठीतला जुना रोग आहे. वि. का. राजवाड्यांनी गावांच्या नावांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला आपल्याला शिकवले. महिकावतीच्या बखरीला १९२४ मध्ये त्यांनी जोडलेली प्रस्तावना वाचताना उत्तर कोकणातली साधी साधी गावे वसाहतींची साक्ष देऊ लागतात, आणि हे ऋण मोठे आहे. पण दिसेल त्या नावाचे मूळ संस्कृतात लावायचेच ही त्यांची ओढ पुढच्या अनेकांना बाधली. आज गावागावात पांडव, राम किंवा एखादा ऋषी येऊन गेल्याच्या कथा नावाला चिकटवल्या जातात आणि पालिकेच्या कमानीवर त्या कोरल्याही जातात. त्या कथा लोकांना प्रिय आहेत, त्यांची नोंद ‘लोक असे सांगतात’ म्हणून जरूर व्हावी. नोंद आणि अर्थ यांत गल्लत मात्र नको. नाव आधी जसे बोलतात तसे टिपून ठेवावे. त्याचा अर्थ पन्नास वर्षांनी लावला तरी चालेल, पण पन्नास वर्षांनी ते टिपता येणार नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती पुण्याभोवतीचे माळ पायी हिंडले, गारगोटीची हत्यारे वेचली, शेंदूर लावलेल्या दगडांची नावे धनगरांना आणि कुणब्यांना विचारून घेतली. १९६२ च्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त वाकडचा म्हातोबा आहे. त्या वेळी वाकडच्या माळावर उभे राहून कोणी देवाचे नाव लिहून घेतो आहे याचे आश्चर्य वाटले असेल. आज माळ नाही, लिहिलेले आहे.

नावे पद्धतशीर टिपण्याचा एक नमुना स्कॉटलंडचा आहे, आणि तो आपल्याला उपयोगी पडेल. १८४५ पासून पुढे सुमारे तीन दशके तिथे सरकारी मोजणी खात्याने नकाशे केले, तेव्हा प्रत्येक परगण्यासाठी ‘नाववह्या’ ठेवल्या. समुद्रात बुडणारा खडक, कोळ्यांची होडी लागते ती फट, कुरणातला झरा, पडके घर, प्रत्येकासाठी एक नोंद. नकाशावर घातलेले नाव, त्याची सापडलेली वेगवेगळी रूपे, ते रूप कोणी सांगितले त्या माणसांची नावे, ठिकाण आणि दोन-चार ओळींचे वर्णन. या वह्या आज संगणकावर वाचायला खुल्या आहेत आणि सामान्य लोकांनी फावल्या वेळात त्यांतला मजकूर उतरवून दिला आहे. मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो साक्षीदारांचा रकाना. नाव हवेतून आले नाही, अमक्याने सांगितले, असे त्यात लिहून ठेवले आहे. उद्या ते चुकीचे ठरले तर का चुकले हेही सांगता येते.

आणि तिथे चुकले पुष्कळ. गेलिक बोलणाऱ्या किनाऱ्यांवर इंग्रजी वळणाच्या कानांनी नावे ऐकली आणि इंग्रजी वळणाने लिहिली. साक्ष कोणाची घ्यायची यात जमीनदार, पाद्री, शाळामास्तर यांना वरचे स्थान मिळाले. त्या खडकांमधून रोज होडी हाकणाऱ्याचा शब्द त्यांच्या खाली. आपण हे काम करायला घेतले तर नेमका हाच दोष शिरण्याची भीती आहे. गावातल्या पुढाऱ्याच्या ओट्यावर बसून यादी केली, की त्याच्या भावकीच्या जमिनींची नावे येतील. धुण्याच्या दगडाचे, पाणवठ्याच्या वाटेचे, सरपणाला जाण्याच्या माळाचे नाव बायकांना माहीत असते, आणि महसुलाच्या कोणत्याही कागदाने बायकांना कधी काही विचारलेले नाही. भूमिहीन मजुराला दहा जणांच्या शेतांची नावे येतात, कारण तो दहाही ठिकाणी राबलेला असतो. मालकाला आपल्या बांधापलीकडचे येत नाही. धनगराला माळांची नावे येतात.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून हा विषय पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेतांच्या नावांत जात आहे. महार वतनाच्या जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणत. हे नावच त्या वतनाचा सगळा अपमान सांगते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, नाव कित्येक ठिकाणी राहिले. वस्त्यांच्या बाबतीत डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्य होता. आपल्या मुलाने शाळेच्या दाखल्यावर पत्ता म्हणून रोज अपमान लिहावा, असे कोणालाही सांगता येत नाही. पण वस्तीच्या फलकावरचे नाव आणि नोंदवहीतले नाव ही दोन वेगळी कामे करतात. फलकावर कोणते नाव असावे हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचे. नोंदवहीने मात्र सांगितले पाहिजे, की ही जमीन वतनाची होती, तिला असे म्हणत, ती अमुक साली अशी अशी हस्तांतरित झाली. कारण वतनाच्या जमिनी कशा गेल्या, किती किमतीला गेल्या, कोणाच्या नावावर चढल्या, हा या औद्योगिक पट्ट्यातला जिवंत प्रश्न आहे. त्याचा माग काढणाऱ्या नातवाला पुसलेले नाव उपयोगी पडत नाही. अन्यायाचा पुरावा अन्यायाच्या भाषेतच लिहिलेला असतो. फलक बदलताना तो पुरावा जाळला तर सोय होते ती जमीन लाटणाऱ्यांची.

मोठ्या नावांवरून आपल्याकडे मोर्चे निघतात, सभागृहे बंद पडतात. जिल्ह्यांची नावे बदलली, स्थानकांची बदलतात, उड्डाणपुलाला कोणाचे नाव द्यायचे यावर ठराव होतात. कासारवाडीजवळच्या उड्डाणपुलाला भारतरत्न जे. आर. डी. टाटांचे नाव आहे, आणि ते थोर नाव आहे. पण बसवाहक ‘नाशिक फाटा’ असेच ओरडतो. २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा त्याच फाट्यावरच्या स्थानकाला भोसरीचे नाव होते, आणि भोसरीला जायचे म्हणून तिथे उतरलेला नवखा माणूस रिक्षा शोधत फिरला. फाटा हे वाटसरूंनी ठेवलेले नाव होते. जिथून रस्ता फुटतो ते ठिकाण, एवढा त्याचा साधा अर्थ. अशा नावावर कोणाचे स्मारक नसते म्हणून त्याला वाली नसतो. शेतांच्या नावांचे तर त्याहून वाईट. त्यांच्यासाठी आजवर एकाही पक्षाने निवेदन दिलेले नाही.

यात भर रोमन लिपीची. काळेवाडीतला ळ रोमनमध्ये ल होतो, आणि वाट दाखवणारा फोन ‘कालेवाडी’ असे म्हणत गल्लीत नेतो. हिंजवडीचे इंग्रजी स्पेलिंग असे रूढ झाले, की आता मराठी माणूसच ‘हिंजेवाडी’ म्हणू लागला. ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल हे भेद ज्या लिपीत नाहीत, त्या लिपीतून नाव एकदा फिरून आले की ते परत पूर्वीचे राहत नाही. त्यावर घरबांधणीच्या जाहिराती. रहाटणीतली सदनिका पिंपळे सौदागरची म्हणून विकली जाते, वाकडपलीकडचे सगळे वाकडच. भाव ज्या नावाला असतो ते नाव पसरते आणि शेजारचे गाव नकाशावरून मागे सरकते. म्हणून नोंद देवनागरीतच आधी झाली पाहिजे, आणि शक्य तिथे सांगणाऱ्याच्या आवाजात. फोन सगळ्यांच्या खिशात आहे. दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण शंभर वर्षांनी सोन्याच्या मोलाचे असेल.

पुण्याच्या ईशान्येला लोणीकंद आहे. थॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० च्या सुमारास त्या गावाची बारीकसारीक माहिती लिहिली, आणि १९६० मध्ये गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचे तेच गाव पुन्हा अभ्यासून पुस्तक केले. असे भाग्य रहाटणीला लाभले नाही, थेरगावला नाही, काळेवाडीला नाही. हातात उरलेला अवधी आता अगदी थोडा आहे. १९७५ च्या सुमारास पंधराव्या वर्षी ज्याने इथल्या शेतात औत धरले, तो आज पासष्टीच्या पुढे गेला आहे. त्याच्या मुलाने शेत पाहिले असेल, कसलेले नाही. त्याच्या नातवाने सातबारा पाहिला असेल, तोही फोनवर.

काम अवघड नाही. गाव नकाशे, फाळणी बारा, गुणाकार बुके भूमी अभिलेख कार्यालयात आहेत. प्रत्येक सर्व्हे नंबरचा आकार त्यांतून मिळतो. त्या जुन्या आकारावर आजचे रस्ते आणि इमारती टाकल्या, की म्हाताऱ्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळते. नुसते इमारतींत नेऊन उभे केले तर तो गोंधळतो. एकेका नंबरासाठी एकेक नोंद करावी. नाव जसे बोलतात तसे. दुसरा कोणी वेगळे म्हणत असेल तर तेही. सांगणाऱ्याचे वय आणि त्याचा त्या जमिनीशी संबंध, मालक, कूळ, सालगडी, मजूर, माहेरवाशीण, सासुरवाशीण. तिथे काय पिके, पाणी कुठून येई, कोणते झाड होते. नाव का पडले याबद्दल तो काय सांगतो ते शेवटी आणि वेगळ्या रकान्यात. महापालिकेच्या शाळा प्रभागनिहाय आहेत, मराठीचे आणि भूगोलाचे शिक्षक आहेत, महाविद्यालयांत मोडी शिकलेली मुले आहेत. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांनी ही नोंद सातबाऱ्याच्या रकान्यात चढवावी, आणि नगर भूमापनाने मिळकत पत्रिकेवर ‘पूर्वीचे स्थानिक नाव’ एवढी एक ओळ वाढवावी. तेवढ्याने सोसायटीच्या कन्व्हेयन्सला बाध येणार नाही.

ही यादी जुन्यापाशी थांबू नये, असे मला आग्रहाने वाटते. नखातेवस्ती, कस्पटेवस्ती, भूमकरवस्ती ही नावे काही पुरातन नाहीत. गावठाणातली भावकी शेतात राहायला गेली तेव्हाची ती आहेत. जगताप डेअरी हे एका चौकाचे नाव झाले आणि आता ते बसथांब्यावर, पत्त्यावर, सगळीकडे आहे. दोनशे वर्षांनी कोणी त्याची व्युत्पत्ती शोधेल. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेली माणसे सकाळी जिथे कामासाठी उभी राहतात, त्या ठिकाणाला ती मजूर अड्डा म्हणतात. कारखान्यांच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपऱ्यांनी, वजनकाट्यांनी, बंद पडलेल्या कंपन्यांच्या गेटांनी नवी नावे दिली आहेत. कंपनी जाऊन वर्षे झाली तरी रिक्षावाला तिच्याच नावाने सोडतो. गतकूळ घराण्याचे नाव थळाला राहावे तसेच हे आहे. हडपसरहून रहाटणीत राहायला आलेल्या कुटुंबाला आणि लातूरहून आलेल्या गवंड्याला इथल्या जमिनीची नावे विचारायला हवीत, ती त्यांनी ठेवलेली असली तरीसुद्धा. आणि जुन्या घराण्यांनी जपलेली नावे त्यांना सांगायलाही हवीत, म्हणजे आपल्या इमारतीखाली लवण आहे की बरड, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत त्यांना विचारता येईल.